पाताळातला पंप आणि नळाची बारीक धार

नळाची धार बारीक झाली की पहिला संशय बोअरमधल्या मोटरवर जातो. दिसत नाही, बोलत नाही. आरोप करायला सोपी.

सबमर्सिबल पंप म्हणजे पुरुषभर लांबीचे सडपातळ नळकांडे. खाली मोटर, वर एकावर एक बसवलेले इम्पेलर, मधे जाळी. प्रत्येक इम्पेलर पाण्याला थोडा दाब देऊन वरच्याच्या हवाली करतो. वरून ओढणाऱ्या पंपाला हवेचा दाब जास्तीत जास्त दहा मीटरची, व्यवहारात सातेक मीटरचीच साथ देतो. दोनशे फुटांवरचे पाणी खालूनच ढकलावे लागते.

पण नळाला दाब बहुतेक घरांत हा पंप देतच नाही. तो गच्चीवरची टाकी भरतो. दाब मिळतो टाकीच्या उंचीतून. दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो. वरच्या मजल्यावरचा शॉवर टाकीपासून जेमतेम दोन मीटर खाली असेल, तर एक पंचमांश किलोत तो काय बरसणार?

म्हणून आधी टाकी गाठावी. ती नेहमीच्या वेळात भरत असेल तर दोष तिच्या खाली आहे: नळाच्या तोंडाची जाळी क्षारांनी बुजली असेल, जुना जीआय पाइप आतून गंजला असेल, व्हॉल्व्ह अर्धाच उघडा असेल किंवा पाइपात हवा अडकली असेल.

टाकीच उशिरा भरत असेल, तर स्टार्टरवरचा ॲम्पिअर मीटर पाहावा. करंट नेहमीपेक्षा जास्त असेल तर व्होल्टेज पडले असेल किंवा पंप गाळाने जाम होत असेल. थ्री-फेज मोटरच्या दोन वायरी उलटसुलट जोडल्या गेल्या तर ती उलटी फिरते आणि पाणी कमी मारते. बोअरच्या तोंडाशी पाणी आत पडल्याचा आवाज आला, तर पाइप फुटलेला समजावा. चेनकप्पी लावून मोटर वर काढायची ती हे सगळे पाहून झाल्यावर.

करंट कमी आणि पाण्याबरोबर हवा, ही एप्रिल-मेमधली खूण. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्टवर वसलेला. पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते, आणि तो साठा मर्यादित असतो. पातळी खाली गेली की पंपाला तेच पाणी जास्त उंच चढवावे लागते, म्हणून टाकीत पडणारी धार घटते. अशा वेळी जास्त एचपीची मोटर बसवणारा पाणी वाढवत नाही, बोअर तेवढी लवकर कोरडी पाडतो.