कुलपाचे अंतरंग

सांगलीच्या गणपती पेठेत मी जुने पितळी कुलूप निरखीत असता एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याने, महाविद्यालयात किल्लीवाचून कुलपे उघडण्याचे छंदमंडळ काढावे काय, अशी पृच्छा केली. अवश्य काढावे, असेच माझे मत आहे.

लायनस येल यांनी १८६१ साली पेटंट घेतलेल्या रचनेत स्प्रिंगने दाबलेल्या खिट्यांच्या जोड्या असतात. योग्य किल्ली त्यांचे सांधे एका रेषेत आणते आणि कुलपाचा गाभा फिरतो. परंतु खिट्यांसाठी छिद्रे पाडताना सूक्ष्म तफावत राहतेच, म्हणून गाभ्याला हलका पीळ देऊन खिट्या उचलू लागले की त्या एकामागून एक अडकतात, आणि तो क्रम बोटांना उमगणे हाच या विद्येचा परमानंद होय.

ही विद्या उपयोगीही ठरते: १८५१ साली अमेरिकन कुलूपतज्ज्ञ हॉब्ज यांनी लंडनमध्ये ब्रामा कंपनीचे अभेद्य मानलेले कुलूप किल्लीवाचून उघडले, तेव्हा कारखानदारांना आपल्या रचनांचा पुनर्विचार करावा लागला.

छंदमंडळाचा दस्तूर मात्र कडक हवा: कुलूप स्वतःच्या मालकीचे असावे, वापरातल्या दाराचे कदापि नसावे, आणि प्राचार्यांची लेखी परवानगी दप्तरी असावी.

सातारा-सांगलीकडील विद्यार्थ्यांनी आपल्या शंका निःसंकोच विचाराव्यात. सविस्तर उत्तर देईन.