ठराव झाला, पुढे काय?

बाजारहाटासाठी आपण जवळच्या शहरी जातो, तेव्हा नळाला पाणी आहे, गटारे वाहती आहेत, रस्ता झाडलेला आहे, एवढेच आपल्या दृष्टीस पडते. नगराध्यक्षांचे नाव कोनशिलेवर वाचावयास मिळते. परंतु त्यांचे खरे काम कोनशिलेपाशी होत नाही. ते कचेरीत, फारसे कोणी पाहत नसताना होत असते.

सभेपूर्वी विषयपत्रिका ठरवावयाची, विरोधी सभासदांची समजूत घालावयाची, अंदाजपत्रकात पैशाची तरतूद करावयाची. आणि सभा संपल्यावर ठराव मुख्याधिकाऱ्यांकरवी अमलात येतो की नाही, यावर डोळा ठेवावयाचा. महाराष्ट्रात १९६५ च्या कायद्यानुसार नगराध्यक्ष हा लोकांचा प्रतिनिधी, तर मुख्याधिकारी सरकारने नेमलेला. ही दोन चाके बरोबर फिरली नाहीत, तर चांगला ठरावही दप्तरातच पडून राहतो.

ठराव आणि अंमल यांत केवढे अंतर असू शकते, हे कोकणातील महाड शहराने दाखविले आहे. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा व शाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुल्या असाव्यात, असा ठराव सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात मांडला व तो संमत झाला. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले चवदार तळे सर्वांस खुले केले. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांचा त्यात पुढाकार होता. कागदावर हक्क मिळाला. पण गावातील विरोधामुळे पुढील तीन वर्षे त्या पाण्याला हात लावण्याची सोय झाली नाही.

अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परिषदेस आलेल्या लोकांवर काठ्या चालल्या. एवढेच नव्हे, तर ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला! प्रकरण कोर्टात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला, तेव्हा कोठे बंदी घालणाऱ्यांचा दावा फेटाळला गेला. ठरावापासून निकालापर्यंत तेरा वर्षे लोटली.

यावरून काय दिसते? हात वर करून ठराव संमत करणे हे एका दुपारचे काम होय. तो टिकविणे, रोषास न भिता त्याची बाजू घेणे, दुर्बळांच्या ओंजळीपर्यंत पाणी पोचविणे, हे वर्षानुवर्षांचे काम होय. त्याबद्दल कोणी हार घालीत नाही, उलट बोलच अधिक लागतो. तरीही नेतृत्वाची कसोटी तेथेच लागते.

वाचकहो, आपली ग्रामपंचायत असो वा शेजारची नगरपालिका, ठराव झाला का, एवढेच विचारून थांबू नये. त्यासाठी पैसे किती ठेवले, काम कोणाकडे सोपविले आणि सर्वांत गरीब घरास त्याचा लाभ झाला का, हेही विचारावे. असे विचारणारे शेजारी असले, म्हणजे प्रामाणिक नगराध्यक्षाचे हात बळकट होतात.