ज्यांनी उत्तरं लिहून ठेवली

लेखमाला : खिशातले खेळ । लेखांक ६

गेम बॉयसाठी गेम लिहायला बसलेला नवशिका कधी ना कधी एक प्रश्न विचारतोच. 'माझा गेम कॉम्प्युटरवर झकास चालतो, पण खऱ्या गेम बॉयमध्ये घातला की पडद्यावर नुसता कचरा दिसतो. माझं काय चुकलं?'

मागच्या लेखांकात आपण गेम बॉयचं पोट उघडून पाहिलं. या आठवड्यात यंत्र बाजूला ठेवू आणि त्याच्याभोवती जमलेल्या माणसांकडे वळू. १९८९ साली बाजारात आलेलं हे खेळणं. त्याचं उत्पादन २००३ मध्ये थांबलं, तरी त्याच्यासाठी नवे गेम आजही तयार होत आहेत. ते करणारे बहुतेक जण एकटे किंवा दोघे-तिघे असतात आणि नोकरी, कॉलेज, घर सांभाळून रात्री बसतात. वर कंपनी नाही आणि पगारही नाही. तरीही त्यांना हात देणारी माणसं ऑनलाइन भेटतात. ही मंडळी जमली कशी आणि टिकली कशी, हा आजचा विषय.

आधी त्या नवशिक्याची अडचण सोडवू. नाटकात दोन प्रवेशांच्या मध्ये काळोख होतो, नेपथ्यवाले धावत येतात, पलंग उचलून नेतात, टेबल मांडतात आणि दिवे लागायच्या आत विंगेत जातात. गेम बॉयचा पडदाही असाच चालतो. सेकंदाला सुमारे ६० वेळा तो चित्र रंगवतो. प्रत्येक चित्राच्या १४४ ओळी रंगवून झाल्या की साधारण १.१ मिलिसेकंदाचा काळोख मिळतो. (प्रत्येक ओळीनंतरही एक बारीक फट असते, पण ती फारच अरुंद.) चित्राच्या स्मृतीत बदल करायचा तो याच काळोखात. ओळ रंगवणं चालू असताना लिहायला गेलात तर यंत्र तुमचं लिहिणं सरळ दुर्लक्षित करतं. मग अर्धं टेबल आलेलं आणि पलंगाचा एक पाय राहिलेला, असा प्रवेश प्रेक्षकांना दिसतो. कॉम्प्युटरवर गेम बॉयची नक्कल करणारे प्रोग्रॅम, म्हणजे इम्युलेटर, यातले काही ढिले असतात. ते या चुकीकडे काणाडोळा करतात, म्हणून घरी सगळं ठीक दिसतं.

हे उत्तर कुणीही जाणकार चार ओळींत देईल आणि विचारणारा आभार मानून जाईल. पण पुढच्या महिन्यात दुसरा येईल, मग तिसरा. पाचव्या खेपेला जाणकार चिडेल, दहाव्या खेपेला यायचाच बंद होईल. हौशी गट बहुतेक वेळा भांडणाने मोडत नाहीत, अशा कंटाळ्यानेच विरतात. गेम बॉयवाल्यांची मंडळी विरली नाही, कारण त्यांनी उत्तरं देण्याबरोबर ती लिहूनही ठेवली.

पॅनची फाइल

गेम बॉय बनवणाऱ्या निन्टेन्डोची अधिकृत कागदपत्रं आणि अवजारं फक्त परवानाधारक कंपन्यांना मिळत, तीही गुप्ततेच्या अटीवर. हौशी माणसाला दार बंदच होतं. १९९५ मध्ये 'पॅन' असं टोपणनाव घेतलेल्या एकाने यंत्राच्या आतली माहिती एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहून सोडून दिली. गेम बॉयबद्दल तुम्हाला विचारायचं होतं पण विचारायची भीती वाटत होती ते सगळं, अशा अर्थाचं मिश्कील शीर्षक तिला होतं. पुढे ती फाइल हातोहात फिरली. कुणी चूक दुरुस्त केली, कुणी प्रकरण वाढवलं. आज ती 'पॅन डॉक्स' या नावाने ओळखली जाते. 'जीबीडेव्ह' नावाची मंडळी ती खुल्या भांडारात सांभाळते आणि दुरुस्ती कुणालाही सुचवता येते.

आपल्याकडे आजीला चकलीचं प्रमाण विचारलं की 'पीठ मावेल तेवढं' असं उत्तर येतं. आजी समोर असेपर्यंत ते पुरतं. ती नसली की चकली हसते, म्हणजे तेलात विरघळते. पॅन डॉक्समध्ये 'मावेल तेवढं' चालत नाही. कोणती ओळ किती घड्याळ-ठोक्यांत रंगते, कोणत्या पत्त्यावर काय असतं, कुठल्या मॉडेलमध्ये वागणूक बदलते, हे सगळं आकड्यांत असतं. विधानाचा पडताळा घ्यायला छोटे चाचणी-प्रोग्रॅमही लिहिलेले आहेत. ते खऱ्या यंत्रावर चालवायचे, मग इम्युलेटरवर, आणि दोन्हींची उत्तरं जुळतात का ते पाहायचं. इम्युलेटर अचूक होत गेले ते या चाचण्यांच्या जोरावर.

ही चिकाटी कुठवर जाते त्याचा एक नमुना. गेम बॉय चालू केल्यावर निन्टेन्डोचं नाव वरून सावकाश खाली उतरतं. हे काम यंत्राच्या आत दडलेला २५६ बाइटचा एक इवलासा प्रोग्रॅम करतो. कार्ट्रिजमधल्या नावाच्या ४८ बाइट तो आपल्याकडच्या प्रतीशी ताडून पाहतो, आणि जुळल्या नाहीत तर यंत्र तिथेच थांबतं. काम झालं की हा प्रोग्रॅम स्वतःला झाकून घेतो, त्यामुळे तो वाचायची सोय नव्हती. २००३ मध्ये एका हौशी तंत्रज्ञाने चिपचं कवच काढलं, ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि फोटोंवरून २,०४८ बिट एकेक करून वाचले. शून्य की एक, शून्य की एक, असं २,०४८ वेळा. मग त्याने ते स्वतःजवळ न ठेवता सगळ्यांसमोर मांडलं.

पायऱ्या बांधणं

माहिती झाली, पण अवजारं नसतील तर ती वाचून होतं काय? सुरुवातीला गेम बॉयचा गेम लिहायचा म्हणजे असेंब्ली भाषा यायलाच हवी. ही यंत्राच्या सर्वांत जवळची भाषा, एकेक आकडा उचलून ठेवणारी. तिच्यासाठी 'आरजीबीडीएस' हा संच नव्वदच्या दशकापासून आहे आणि तो आजही जिवंत आहे. त्यानंतर सी भाषेत लिहू देणारा 'जीबीडीके' आला. तो मधली बरीच वर्षं धूळ खात पडला होता. इतरांनी तो उचलून 'जीबीडीके-२०२०' या नावाने पुन्हा उभा केला. मूळ कर्ता निघून गेला तरी काम पुढे चालू शकलं, कारण सोर्स कोड उघडा होता.

खरी गर्दी आणली ती तिसऱ्या पायरीने. २०१९ मध्ये ख्रिस माल्टबी यांनी 'जीबी स्टुडिओ' खुलं केलं. ते फुकट आणि ओपन सोर्स आहे. चित्र आणायचं, त्यावर पात्रं ठेवायची, 'हा याच्याशी बोलला की ते दार उघडेल' असे ठोकळे जोडायचे आणि बटण दाबलं की खऱ्या यंत्रावर चालणारी फाइल तयार. प्रोग्रॅमिंगची एक ओळही न लिहिता हे जमतं. त्यामुळे मंडळीत नवी माणसं आली. कुणी चित्रकार, कुणी गोष्ट सांगणारा, कुणी शाळेतला मुलगा. संगीतवाले तर आधीपासूनच होते. योहान कोटलिन्स्की यांच्या 'लिटल साउंड डीजे' या कार्ट्रिजने गेम बॉयचं वाद्य करून टाकलं होतं, आणि त्यावर रंगमंचीय कार्यक्रम करणारे कलावंत युरोप-अमेरिकेत तयार झाले होते.

नव्या पायरीवर जुन्या जाणत्यांची पहिली प्रतिक्रिया 'हे काय खरं प्रोग्रॅमिंग!' अशीच असते. गायकीच्या घराण्यांपासून ट्रेकिंगच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे ती ऐकू येते. पण जीबी स्टुडिओ आतून जीबीडीकेवरच उभं आहे. वरच्या पायरीवरचा माणूस अडला की उत्सुकतेने एक पायरी खाली उतरतो, आणि त्यातला एखादा थेट असेंब्लीपर्यंत पोचतो. त्याच्यासाठी तिथेही धडे लिहून ठेवलेले आहेत. विटा फोडण्याचा छोटा गेम शून्यापासून कसा बांधायचा, तिथून सुरुवात होते.

मुदत आणि खेळणारा

एकट्या माणसाच्या संगणकात अर्ध्यावर सोडलेले गेम कितीतरी असतात. गेम पूर्ण व्हायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे मुदत, दुसरी म्हणजे खेळून पाहणारा कुणीतरी.

मुदतीची सोय स्पर्धा करतात. 'जीबीजॅम'मध्ये खरं यंत्र लागतच नाही. पडदा १६० बाय १४४ पिक्सेलचा आणि रंग चार, एवढी मर्यादा पाळा, बाकी कशातही करा. दार मुद्दाम रुंद ठेवलेलं आहे. जीबीडेव्ह मंडळीने २०२१ आणि २०२३ मध्ये घेतलेली 'जीबी कॉम्पो' मात्र खऱ्या यंत्रावर चालणाऱ्या गेमसाठी होती. जीबीजॅममध्ये माणूस येतो आणि जीबी कॉम्पोत तो पक्का होतो. दोन्हींत बक्षिसापेक्षा मोठी कमाई म्हणजे आलेले गेम इतर स्पर्धक खेळून पाहतात. 'छान' हा अभिप्राय निरुपयोगी असतो. 'दुसऱ्या पातळीवर शिडीजवळ डावं आणि बी बटण एकदम दाबलं की पात्र भिंतीत अडकतं' हा अभिप्राय सोन्यासारखा.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. बहुतेक गेम 'इच डॉट आयओ' या २०१३ मध्ये सुरू झालेल्या ठिकाणी ठेवले जातात. तिथे किंमत कर्ता ठरवतो, आणि कमाईतला किती वाटा त्या ठिकाणाला द्यायचा तेही कर्ताच ठरवतो. काही जण खरी कार्ट्रिजं, खोकी आणि पुस्तिका काढून विकतात. यावर घर चालणारे विरळाच.

कंपनीने आपणहून दार उघडलं तर काय होतं, त्याचीही उदाहरणं आहेत. २०१५ मध्ये लोकवर्गणीतून आलेला 'आर्डुबॉय' हा क्रेडिट कार्डाएवढा. त्यात गेमसाठी जागा ३२ किलोबाइटपेक्षाही कमी, पण त्यात काय भरायचं ते पूर्णपणे तुमच्या हातात. अमेरिकेतल्या पोर्टलँडच्या 'पॅनिक' कंपनीने २०२२ मध्ये बाजूला फिरवायची दांडी असलेला 'प्लेडेट' आणला. त्याचा संच फुकट आहे आणि घेणारा प्रत्येक जण आपला गेम त्यात टाकू शकतो. अशा ठिकाणी मंडळी लवकर जमते, कारण कुलूप तोडण्यात वर्षं जात नाहीत. मात्र तिथली कागदपत्रं मुळात कंपनीची असतात. उद्या कंपनीने हात काढला तर काय उरेल, हे लोकांनी स्वतः किती लिहून ठेवलंय त्यावर ठरेल. गेम बॉयवाले या परीक्षेतून कधीच पार झालेत.

आपल्याकडचा चौकोन

गेम बॉय आपल्याकडे मोजक्याच घरांत होता. आपला ब्रिक गेम. '९९९९ इन १' लिहिलेला, जत्रेत किंवा रस्त्यावरच्या टपरीत मिळणारा, वरून ठोकळे पडणारा. त्याचा पडदा १० बाय २० चौकोनांचा. त्याच्याभोवती गेम लिहिणाऱ्यांची अशी मंडळी उभी राहिली नाही, आणि कारण सोपं आहे. त्याला कार्ट्रिज नव्हतं, गेम चिपमध्येच कोरलेले. आपण फक्त खेळायचं, त्यात घालायला जागाच नव्हती.

आज जागा आहे, आणि मराठी माणसाला सोडवायला एक छान कोडंही आहे. आलेख कागद घ्या आणि त्यावर ८ बाय ८ चौकोन आखा. गेम बॉयचं सगळं चित्र अशा टाइल्सचं असतं, आडव्या २० आणि उभ्या १८. इंग्रजी अक्षर एका टाइलमध्ये ऐसपैस बसतं. आता त्यात 'की' आणि 'कू' दोन्ही बसतील अशी जागा सोडून 'क' काढा. वेलांटीला दोन ओळी, शिरोरेषेला एक, उकाराला दोन, खालच्या ओळीशी चिकटू नये म्हणून एक मोकळी. अक्षराच्या अंगाला उरल्या दोन ओळी. तेवढ्यात 'घ' आणि 'ध' वेगळे काढून दाखवा!

म्हणजे एका अक्षराला एकावर एक दोन टाइल्स हव्यात. आता बाराखडीचा हिशेब करा. ३४ व्यंजनं गुणिले १२, म्हणजे ४०८ अक्षरं, म्हणजेच ८१६ टाइल्स. जोडाक्षरं अजून मोजलेलीच नाहीत. मूळ गेम बॉयच्या चित्रस्मृतीत एका वेळी मावतात ३८४. तेव्हा अख्खी बाराखडी छापून ठेवायचा मार्ग बंद. पात्र जे वाक्य बोलणार आहे त्यातली अक्षरं ऐनवेळी जुळवून रिकाम्या टाइल्सवर रंगवायची, आणि तीही त्या १.१ मिलिसेकंदाच्या काळोखात, थोडी थोडी करून. अवघड आहे, पण हिशेबात बसतं.

वाचकांपैकी कुणी हे कोडं सोडवलं तर गेम नंतर दाखवा. आधी कोणती अक्षरं कशी तोडली, कुठे अडलात, कोणता मार्ग फसला, ते मराठीत लिहून खुलं ठेवा. पुढच्या माणसाला तिथून सुरुवात करता येईल. पॅनने १९९५ मध्ये यापेक्षा वेगळं काही केलं नव्हतं.

(पुढील लेखांकात : चार आवाजांत संगीत कसं बसवतात)