आप्त कोण? जुनी मोटार घेण्याचं तर्कशास्त्र



गेल्या वेळी आपण प्रमाणांचा विचार केला. ज्ञान मिळतं कशानं, आणि मिळालेलं ज्ञान खरं की खोटं हे ठरवायचं कसं, हा न्यायदर्शनाचा मूळ प्रश्न. व्याख्यान संपल्यावर काही श्रोत्यांनी तक्रार केली की, डोंगरावरचा धूर आणि त्यावरून कळणारा अग्नी हे ऐकून आता कान किटले. आजच्या जगातलं काही सांगा. तक्रार रास्त आहे. म्हणून आज एका मोटारीची गोष्ट सांगतो. आम्ही स्वतः उभ्या आयुष्यात स्कूटरपलीकडे काही चालवलेलं नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं. (हशा)

काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता सहा महिने मुलाकडे इंग्लंडात, रेडिंगला होतो. मुलानं चाळिशी ओलांडलेली. त्याच्या मनात एकच गोष्ट घर करून होती, ती म्हणजे पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-५. दोन सीटची, टप मागे टाकता येणारी, हेडलाइट झाकणाखालून वर उघडणारी छोटी गाडी. आपल्याकडे माझ्दा म्हटलं की ‘स्वराज माझ्दा’च आठवते, शाळेच्या पोरांना नेणारी. ही गाडी भारतात कंपनीनं कधी विकली नाही, त्यामुळे आम्हांला तिची ओळख नव्हती. मुलानं करून दिली.

तिचा इतिहास थोडक्यात असा. बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकारानं १९७० च्या दशकाच्या अखेरीस माझ्दाच्या केनिची यामामोतो यांना सुचवलं की, हलकी, स्वस्त, उघडी ब्रिटिश धर्तीची गाडी आता कोणी बनवत नाही, ती तुम्ही बनवा. पुढे यामामोतो कंपनीचे अध्यक्ष झाले. तोशिहिको हिराई यांच्या नेतृत्वाखाली गाडी तयार झाली आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. जपानात तिचं नाव युनोस रोडस्टर, अमेरिकेत मियाता. सुरुवातीला इंजिन १.६ लिटरचं, मग १९९३ पासून १.८ लिटरचंही. ‘जिन्बा इत्ताई’ हा जपानी शब्दप्रयोग तिच्या कर्त्यांनी ब्रीद म्हणून धरला. अर्थ असा की, घोडा आणि स्वार एक व्हावेत. १९९८ मध्ये दुसरी पिढी आली आणि ते उघडझाप करणारे दिवे गेले.

म्हणजे या गाड्या आता तिशीच्या पुढच्या. आणि आमचा मुलगा अशी गाडी प्रथमच घेणार. पदरी साडेचार हजार पौंड. सूनबाईंचं म्हणणं एवढंच होतं, ‘घ्या, पण बाबांना बरोबर न्या.’ आता बाबांना मोटारीतलं काय कळतं? पण बाबा तर्कशास्त्र शिकवायचे, असा त्या माउलीचा विश्वास.

आता प्रमाणांकडे वळू. न्यायदर्शन चार मानतं : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. जुनी गाडी घेताना चारही लागतात, आणि चारही फसवू शकतात.

प्रत्यक्ष म्हणजे इंद्रियांनी जाणणं. इथे पहिली चूक होते, कारण आपण प्रत्यक्ष म्हणजे फक्त डोळे समजतो. रंग चकचकीत दिसला की मन विरघळतं. पण तिशीच्या गाडीत रंग ही सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट. या गाडीचा खरा शत्रू गंज, आणि तो दिसतो कमी, असतो जास्त. त्याचं कारण समजून घ्या. कापडी टपावरचं पावसाचं पाणी सीटच्या मागे, दोन्ही बाजूंना असलेल्या नळ्यांतून खाली जातं. त्या नळ्या पालापाचोळ्यानं, मातीनं तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पट्ट्यात, म्हणजे सिलमध्ये, साचतं. त्यात ब्रिटनमध्ये थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात. मग सिल आतून कुजायला लागते, बहुधा मागच्या चाकाच्या किंचित पुढे. बाहेरून फोड दिसेपर्यंत आत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

म्हणून हात वापरा, नाकही वापरा. सीटमागचा गालिचा दाबून पाहा, ओला आहे का. डिक्की उघडा, या गाडीची बॅटरी डिक्कीत असते, ती गळली असेल तर तिथला पत्रा खाल्लेला दिसेल. खिशात फडक्यात गुंडाळलेलं चुंबक ठेवा. पत्र्यावर चिकटेल, पण आपले गॅरेजवाले जिला लांबी म्हणतात, ती पुट्टी भरलेली असेल तिथे चिकटणार नाही. आणि पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर तुम्ही यायच्या आधी इंजिन तापवून ठेवलेलं आहे. कारण निरुपद्रवी असू शकेल, पण थंड इंजिन सुरू होताना जे बोलतं ते तुम्हांला ऐकू आलं नाही, हे नक्की.

दुसरं अनुमान. इथे आपला जुना धूर येतोच. (हशा) सायलेन्सरमधून निळसर धूर सतत येत असेल, तर तेल जळतंय. पांढरा धूर येत असेल तर? नवखा माणूस लगेच म्हणतो, इंजिनात पाणी शिरलंय. पण नैयायिक विचारतील, इथे उपाधी काय? जिथे अग्नी तिथे धूर हे सरसकट खरं नाही, इंधन ओलं असलं तरच खरं. तसंच इथे. थंडीच्या सकाळी प्रत्येक गाडी पांढरी वाफ सोडते. इंजिन पूर्ण तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल, तर मात्र काळजीचं. या इंजिनाचं आणखी एक : थंड असताना वरून टिक्‌टिक्‌ ऐकू येते. ती व्हॉल्व्हच्या हायड्रॉलिक लिफ्टरची; तेल गरम झाल्यावर पुष्कळदा थांबते. म्हणजे एकच खूण, पण परिस्थितीनुसार अर्थ निराळा.

आकड्यांचंही तेच. ब्रिटनमध्ये जपानातून आणलेल्या युनोस गाड्या पुष्कळ. त्यांचा मीटर मुळात किलोमीटरचा. नंतर मैलांचा केलेला. कागदावर एका वर्षी १,२०,००० आणि पुढल्या वर्षी ७५,००० दिसलं की आपण म्हणतो, लबाडी! पण १,२०,००० किलोमीटर म्हणजेच सुमारे ७५,००० मैल. लबाडी असेलही, मात्र आधी एकक विचारा.

तिसरं उपमान. नगरवासी माणसाला वनवासी सांगतो, गवय हा गाईसारखा असतो. मग रानात तसा प्राणी दिसला की तो ओळखतो, हाच गवय. पण त्यासाठी गाय माहीत हवी! पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याची अडचण हीच की त्यानं गाय पाहिलेली नसते. पहिलीच गाडी पाहतो आणि तीच त्याचं माप होते. उपाय सोपा आहे. ज्यांच्याकडे उत्तम राखलेली गाडी आहे, अशा मालकांना भेटा. त्यांचे क्लब आहेत. परवडणार नाही अशी एक चांगली गाडी चालवून पाहा. मग दुसरीचं स्टिअरिंग सैल आहे की गाडीचा स्वभावच तसा, हे तुम्हांला कळेल.

आमच्या मुलानं हे केलं नाही, आणि आम्हीही सुचवलं नाही. पहिलीच गाडी पाहायला गेलो. लाल, १९९१ ची. विकणारे गृहस्थ सत्तरीचे, निवृत्त, अतिशय सभ्य. चहा दिला. गाडीबद्दल प्रेमानं बोलले. सिलचं काम ‘व्यवस्थित करून घेतलेलं आहे’ म्हणाले. आम्ही चुंबक फिरवलं, चिकटलं. मुलानं आमच्याकडे पाहिलं. आम्ही मराठीत म्हटलं, ‘माणूस सज्जन आहे रे. घे.’ त्यानं तीनशे पौंड इसार दिला.

आता चौथं प्रमाण, शब्द. न्यायसूत्र सांगतं, आप्ताचा उपदेश तो शब्द. आणि आप्त कोण? वात्स्यायनाचं भाष्य दोन अटी घालतं. त्यानं ती वस्तू स्वतः जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याची इच्छा असावी. अटी दोन आहेत, हे वर्गात आम्ही तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. त्या दिवशी आम्ही एकच तपासली. ते गृहस्थ खोटं बोलत नव्हते, हे आम्ही बरोबर ओळखलं. पण त्यांना माहीत होतं का, हे विचारलंच नाही.

सुदैवानं पैसे पूर्ण देण्याआधी मुलानं एका मेकॅनिककडून गाडी रॅम्पवर घेऊन तपासून घेतली. त्यानं पाच मिनिटांत दाखवलं : कुजलेली सिल कापून काढलीच नव्हती. तिच्यावरूनच नवा पत्रा वेल्ड केलेला, वर रंग. चुंबक चिकटणारच, पत्रा होताच ना! पण आत पोकळ, भुसभुशीत. आता लक्षात घ्या, या गाडीला डोक्यावर छप्पर नाही. गाडीचा ताठपणा बराचसा या सिलवरच असतो. बाजूनं धडक बसली तर तिथे आधार तिचाच. आणि शेजारच्या सीटवर आमची नात बसणार होती.

मुलगा आम्हांला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. परतताना गाडीत आमच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्यानं त्या गृहस्थांच्या शब्दावर इसार दिलाच नव्हता. दिला होता आमच्या शब्दावर. मराठीत आपण नातेवाइकांना आप्त म्हणतो, आप्तेष्ट म्हणतो. शास्त्रातला आप्त वेगळा. त्या दिवशी आम्ही मुलाचे पहिल्या अर्थानं आप्त होतो, दुसऱ्या अर्थानं नव्हतो. आणि त्यानं, स्वाभाविकच, दोन्ही एकच मानले.

इसार परत मिळाला. ते गृहस्थ खजील होऊन म्हणाले, ‘मलाही दोन वर्षांपूर्वी हेच सांगण्यात आलं होतं.’ म्हणजे एक वाक्य हातोहात चालत आलं होतं, आणि ज्यानं प्रत्यक्ष पाहिलं तो साखळीत कुठेच नव्हता.

मग आम्ही दोघांनी आधी करायला हवं होतं ते केलं. ब्रिटनमध्ये एमओटी नावाची वार्षिक तपासणी असते. २००५ पासूनचे तिचे निकाल गाडीच्या नंबरावरून कोणालाही इंटरनेटवर फुकट पाहता येतात. त्या लाल गाडीची नोंद काढली. काही वर्षांपूर्वी गंजामुळे नापास, आणि चार दिवसांत पास. चार दिवसांत सिलचं मनापासून काम होणं अवघड. शिवाय त्या कामाचं बिल कुठेच नव्हतं. मीमांसकांच्या भाट्ट परंपरेत आणि अद्वैत वेदान्तात अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जे असायला हवं ते नाही, हेही एक ज्ञानच. जुन्या गाडीच्या फायलीत काय आहे हे वाचाच, पण काय नाही हेही वाचा. टायमिंग बेल्ट साधारण ६०,००० मैलांना बदलायचा असतो. तो बदलल्याची पावती नसेल, तर बदललेला नाही असंच धरा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करा. या इंजिनात तो तुटला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळत नाहीत, गाडी नुसती थांबते, हे नशीब. सुरुवातीच्या १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाची खाच झिजण्याचा एक दोष आढळतो. त्याबद्दल जाणकाराला विचारल्याशिवाय तशी गाडी घेऊ नये.

चार गाड्या पाहिल्यावर पाचवी घेतली. निळी, १९९४ ची, १.८. बॉनेटवर दगडांचे टवके, मागची प्लास्टिकची खिडकी धुरकट. पण मालकिणीकडे बिस्किटांच्या डब्यात चौदा वर्षांच्या पावत्या. सिलचं काम झालेलं, आणि कापलेल्या जागेचे काम चालू असतानाचे फोटो. तिला विचारलं, हे तुम्हांला कसं माहीत? ती म्हणाली, ‘मी तिथे उभी होते.’ वात्स्यायनाला याहून अधिक काय हवं? ३,४०० पौंडांना मिळाली. उरलेले अकराशे मुलानं पहिल्या वर्षासाठी राखून ठेवले, आणि त्यातले सातशे गेलेही. म्हणून नवख्यांना आमचा सल्ला : आहे तेवढ्या सगळ्या पैशांची गाडी घेऊ नका, चौथा हिस्सा बाजूला ठेवा.

कोणी विचारेल, इतके भाग बदलल्यावर ती मूळ गाडी उरते का? मिलिंद राजाला नागसेनानं हेच विचारलं होतं : चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? संग्राहकासाठी हा प्रश्न किमतीचा आहे. चालवणाऱ्यासाठी नाही. खुद्द माझ्दानं २०१७ मध्ये जपानात या गाड्यांचं पुनरुज्जीवन करण्याची योजना जाहीर केली आणि काही सुटे भाग नव्यानं बनवायला घेतले. सुटे भाग मिळत राहणं, हे पहिल्यांदाच जुनी गाडी घेणाऱ्यानं हीच गाडी निवडण्याचं एक सबळ कारण आहे.

आता नात शेजारी बसते. तिचे फोटो येतात. मुलगा अजूनही अधूनमधून फोनवर विचारतो, ‘बाबा, अमुक करू का?’ पूर्वी आम्ही लगेच उत्तर द्यायचो. आता आधी स्वतःला विचारतो की, हे आम्ही जाणतो, की आम्ही फक्त तुझे वडील आहोत? पुष्कळदा उत्तर दुसरं येतं. मग तसं त्याला सांगतो.

पुढच्या वेळी अनुपलब्धीवर सविस्तर बोलू.