शिफारस, पॅनल आणि वाचकाचं मत : ह्यूगो पुरस्कारांचा प्रचार कुठवर रास्त?



आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. विज्ञानकथांचे पुरस्कार, आणि तेही वाचकांनी मतं देऊन ठरवलेले. परीक्षकांनी दिलेल्या पुरस्काराबद्दल आपण सहज म्हणतो, 'वशिला लागला असेल'. पण जिथे वाचकच मतदार आहेत, तिथे मत मागणं गैर का असावं? निवडणूक म्हटली की प्रचार आलाच. मग त्यातला कुठवरचा प्रचार रास्त आणि कुठून पुढचा नाही, एवढाच आपला प्रश्न.

उदाहरण घेऊ ह्यूगो पुरस्कारांचं. 'वर्ल्डकॉन' हे जागतिक विज्ञानकथा संमेलन दरवर्षी वेगळ्या शहरात भरतं. 1953 साली फिलाडेल्फियाच्या संमेलनात हे पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले. 1926 मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढणाऱ्या ह्यूगो गर्न्सबॅक यांचं नाव त्यांना आहे. संमेलनाचं सभासदत्व घेतलं की मत मिळतं, प्रत्यक्ष जावंच लागतं असं नाही. 2015 साली अशा बाहेरून पाठिंबा देणाऱ्या सभासदाची फी 40 डॉलर होती.

मतदान दोन फेऱ्यांत होतं. पहिल्या फेरीत प्रत्येक सभासद दर विभागात पाचपर्यंत नावं सुचवतो, आणि त्यातून अंतिम यादी तयार होते. ती पूर्वी पाच नावांची असे, आता सहांची असते. दुसऱ्या फेरीत त्या यादीला पसंतिक्रम द्यायचा. यादीत आणखी एक पर्याय असतो, 'नो अवॉर्ड', म्हणजे 'कुणालाच नको'. आपल्या 'नोटा'सारखाच म्हणा, पण एक फरक आहे. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेला नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तरी पुढचा उमेदवार निवडून येतो. इथे 'नो अवॉर्ड' खरोखर जिंकू शकतो, आणि मग त्या विभागात पुरस्कारच दिला जात नाही.

इथे मला आपल्याकडची एक गोष्ट आठवते. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने आलेल्या कथेला बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत नारळीकर. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी ते नाव घेतलं होतं, कारण नावाचं वजन निकालावर पडू नये. परीक्षकांच्या स्पर्धेत हे जमतं. वाचकांच्या मतदानात नाव झाकताच येत नाही. तिथे लेखकाचं नाव, त्याचे चाहते, मित्रमंडळी हे सगळं उघड्यावर असतं. म्हणून तिथे नीतीचा भार परीक्षकावरून उतरतो आणि लेखकावर, चाहत्यावर, मतदारावर येऊन पडतो.

आता प्रचाराच्या पायऱ्या बघू. पहिली पायरी माहितीची. 'या वर्षी माझी अमुक कथा प्रसिद्ध झाली, ती अमुक विभागात बसते' असं लेखक सांगतो. दुसरी शिफारशीची. कुणी वाचक म्हणतो, 'या वीस कथा मला आवडल्या, वाचून बघा.' तिसरी पॅनलची. साखर कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या निवडणुकीत 'पॅनल टू पॅनल शिक्का मारा' म्हणतात, तेच इथे. जितक्या जागा तितकी नावं, आणि सगळ्यांनी तीच भरायची. चौथी पायरी मतं विकत घेण्याची.

चौथीबद्दल फार बोलायला नको. 1989 साली 'द गार्ड्समन' या कादंबरीच्या एका चाहत्याने खोट्या नावांनी सभासदत्वं विकत घेतली आणि ती यादीत आणली. हे कळल्यावर लेखकद्वयाने कादंबरी मागे घेतली. 2024 मध्ये ग्लासगोच्या संमेलनात 3,813 पैकी 377 मतं रद्द झाली. काही मतदारांची नावं एकसारखीच होती, फक्त पहिलं अक्षर बदललेलं. त्या मतांचा फायदा ज्याला होणार होता, त्याला हे ठाऊक असल्याचा पुरावा नव्हता. म्हणून आयोजकांनी मतं बाद केली, पण त्याला यादीतून काढलं नाही आणि त्याचं नावही जाहीर केलं नाही. हे मला फार योग्य वाटतं. चाहत्याच्या गुन्ह्याची शिक्षा लेखकाला का?

खरा पेच तिसऱ्या पायरीचा आहे, कारण तिथे नियम मोडलाच जात नाही.

हिशोब करून बघा. समजा, हजार लोक लघुकथा सुचवतायत. वर्षभरात शेकडो कथा छापून येतात, त्यामुळे मतं विखुरतात. सर्वांत लाडक्या कथेलाही समजा सत्तरच मतं पडली. आता दीडशे लोकांनी ठरवून तीच पाच नावं भरली, तर त्या पाचांना प्रत्येकी दीडशे मतं. हजारातले दीडशे, म्हणजे पंधरा टक्के, आणि यादी शंभर टक्के त्यांची! उरलेले साडेआठशे प्रामाणिकपणे आपापलं वाचून मत देत होते, म्हणूनच हरले.

2015 साली हेच झालं. 'सॅड पपीज' नावाची मोहीम लेखक लॅरी कोरिया यांनी आधी सुरू केली होती, त्या वर्षी ती ब्रॅड टॉर्गरसन यांनी चालवली. तिच्या जोडीला 'रॅबिड पपीज' हे थिओडोर बील यांचं आणखी आक्रमक पॅनल आलं. त्यांची तक्रार अशी, की ह्यूगो एका विशिष्ट रुचीच्या आणि विचारांच्या मंडळींच्या हातात गेलाय, सर्वसामान्य वाचकाला आवडणाऱ्या साहसकथांना तिथे जागा नाही. तक्रार चर्चेला घ्यावी अशीच आहे. रुची बदलायची असेल तर नवे वाचक आणा, त्यांना वाचायला द्या, त्यांना मत देऊ द्या. पण त्या वर्षी नामांकनाच्या पत्रिका होत्या 2,122, आणि कथांच्या विभागांत जवळपास सगळ्या जागा पॅनलने भरल्या.

अंतिम फेरीत 5,950 जणांनी मत दिलं आणि पाच विभागांत 'नो अवॉर्ड' जिंकला. तोवरच्या सगळ्या वर्षांत मिळून तो पाचदाच जिंकला होता, इथे एका रात्रीत पाचदा.

भरडले गेले ते लेखक आणि संपादक. पॅनलवरच्या काहींना विचारलंही नव्हतं. अ‍ॅनी बेलेट यांनी आपली कथा आणि मार्को क्लूस यांनी आपली कादंबरी स्वतःहून मागे घेतली. क्लूस यांच्या रिकाम्या जागेवर ल्यू त्सिशिन यांची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' ही चिनीतून अनुवादित कादंबरी आली आणि तिलाच पुरस्कार मिळाला! म्हणजे एका लेखकाने हक्काची जागा सोडली नसती, तर ही कादंबरी मतपत्रिकेवरच नसती.

आता अडचणीचा प्रश्न. 'पॅनलवरचं जे जे आहे ते सगळं नो अवॉर्डच्या खाली टाका' असाही प्रचार झाला. हेसुद्धा न वाचता दिलेलं मतच नाही का? माझ्या मते पद्धतीचा निषेध म्हणून ते समजण्यासारखं आहे, पण निर्दोष नाही. टोनी वाइसकॉफ यांच्यासारख्या वर्षानुवर्षं काम केलेल्या संपादकांचं मूल्यमापन त्या वर्षी झालंच नाही, ना पॅनलवाल्यांकडून, ना विरोधकांकडून. पॅनलचं हेच खरं नुकसान असतं. तुम्ही बाजूने असा की विरोधात, ते तुम्हाला पुस्तकाकडे बघूच देत नाही.

यावर नियमाचा उपाय निघाला. दोन लागोपाठच्या संमेलनांनी मान्य केल्याशिवाय नियम बदलत नाही, म्हणून तो 2017 पासून लागू झाला. त्याचं नाव 'ई प्लुरिबस ह्यूगो'. प्रत्येक पत्रिकेला एक गुण, आणि तो तिच्यावरच्या नावांत वाटायचा. पाच नावं असतील तर प्रत्येकाला 0.2. मग सर्वांत कमी गुणांची दोन नावं समोरासमोर ठेवायची आणि त्यांतलं कमी पत्रिकांवर असलेलं बाद करायचं. त्याचा वाटा त्याच पत्रिकेवरच्या उरलेल्या नावांना जातो. आपल्या दीडशे जणांचे दीडशे गुण पाचांत वाटले जातात, प्रत्येकी तीस. इतरांची बाकीची नावं गळत जातात तशी त्यांच्या लाडक्या कथेची ताकद वाढत जाते. पॅनलला पाचऐवजी एखाद-दुसरी जागा मिळते. त्यांचं मत कुणी हिरावून घेत नाही, त्यांना फक्त त्यांच्या संख्येइतकंच मिळतं.

पण नियम गठ्ठा मोजू शकतो, मन नाही. म्हणून माझी कसोटी साधी आहे. तुमच्या प्रचारामुळे माणूस वाचायला लागतो, की त्याला वाचायची गरजच उरत नाही? पहिलं असेल तर खुशाल करा.

(श्रोत्यांच्या प्रश्नांतून)

प्रश्न : मग लेखकाने स्वतः 'मला मत द्या' म्हणावं का?

'मी हे लिहिलंय' जरूर म्हणावं. ते म्हणणंच असभ्य ठरवलं तर नुकसान नवोदितांचं आणि संकोची माणसांचं होतं, प्रसिद्धांचं नाही. 'वाचा आणि आवडलं तर सुचवा' हेही ठीक. ज्याच्यामागे हजारो चाहते आहेत त्याने मात्र जास्त जपून बोलावं, आणि जमलं तर स्वतःबरोबर इतरांचीही नावं घ्यावीत.

प्रश्न : त्यापेक्षा परीक्षक मंडळच का नेमत नाहीत?

तसे पुरस्कार आहेत. ब्रिटनमधला आर्थर सी. क्लार्क पुरस्कार परीक्षकच देतात. त्याचं मोल वेगळं, ह्यूगोचं वेगळं. ज्याने स्वतःच्या पैशाने पुस्तक घेतलं, रात्री जागून वाचलं, त्याला आवाज असावा यासाठी ह्यूगो आहे. तेव्हा आपल्यालाही कुठे मत द्यायची वेळ आली, तर जेवढं वाचलंय तेवढीच नावं लिहा. पाच जागा आहेत म्हणून पाच भरल्याच पाहिजेत असं नाही. दोनच वाचली असतील तर दोनच लिहा, उरलेल्या कोऱ्या ठेवा.