दूरचे भिंग, जवळचे फूल

बीडहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले की बालाघाटच्या डोंगरांजवळ पाली हे गाव लागते. बिंदुसरा नदीवरचे धरण याच गावाजवळ आहे. पावसाळा सरत आला की या भागातल्या मुरमाड माळांवर आणि शेतांच्या बांधांवर तरवड पिवळाधमक फुलतो. अंगणांतून जास्वंद, सदाफुली आणि झेंडू असतात. अशा एखाद्या जास्वंदीवर सकाळी शिंजीर येतो. जेमतेम दहा सेंटिमीटरांचा हा पक्षी फुलावर बसून आपली बाकदार चोच आत घालतो. त्याचे छायाचित्र घ्यावे म्हणून तुम्ही फोन किंवा साधा कॅमेरा घेऊन पुढे होता, आणि हातभर अंतरावर पोचण्याआधीच स्वारी पसार होते. उरते फक्त फूल, आणि त्यावर तुमचीच सावली.

आता हेच फूल टेलिफोटो झूम भिंगाने टिपून पाहू. टेलिफोटो म्हणजे लांबचे हरीण, नाहीतर मैदानाच्या मध्यावरचा फलंदाज टिपायचे भिंग, अशी आपली समजूत असते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे.

समजा, आपल्या झूम भिंगाचे नाभीय अंतर जास्तीत जास्त २०० मिलिमीटर आहे, आणि फूल फिल्मपासून (आजच्या कॅमेऱ्यात संवेदकापासून) दीड मीटरवर असेपर्यंत ते स्पष्ट दिसते. नववी-दहावीत शिकलेले भिंगाचे सूत्र वापरून गणित करा. उत्तर असे येते : फूल भिंगापासून सुमारे १२६ सेंटिमीटर, प्रतिमा भिंगामागे सुमारे २४ सेंटिमीटर, आणि प्रतिमेचा आकार फुलाच्या सुमारे एक पंचमांश. म्हणजे दहा सेंटिमीटर रुंदीच्या जास्वंदीची प्रतिमा १९ मिलिमीटर भरेल. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर असते. तेव्हा जास्वंद चौकटीत जवळजवळ मावेल तेवढी मोठी, आणि आपण मात्र दीड मीटर लांब! शिंजिराला घाबरण्याचे कारण निदान कमी झाले.

या गणितात थोडी लबाडी आहे, हे सांगितले पाहिजे. आपण भिंग पातळ आणि एकच मानले. खऱ्या झूममध्ये दहा-पंधरा काचा असतात, आणि जवळचे स्पष्ट करताना अनेक झूम भिंगांचे नाभीय अंतर आतल्या आत कमी होते. म्हणून आपल्या भिंगाचे विशालन स्वतःच मोजावे. भिंतीवर मोजपट्टी चिकटवा, भिंग सर्वांत जवळच्या अंतरावर लावा आणि चित्र घ्या. ३६ मिलिमीटरच्या चौकटीत पट्टीचे १८० मिलिमीटर दिसले, तर विशालन एक पंचमांश. तुमच्या कॅमेऱ्याचा संवेदक लहान असेल, तर ३६ ऐवजी त्याची रुंदी धरा. झूमवर ‘मॅक्रो’ असा शब्द छापलेला असतो, त्याला फार भुलू नये. खऱ्या मॅक्रो भिंगाने प्रतिमा वस्तूएवढी मोठी मिळते. या झूमांची धाव पुष्कळदा पाव पटीच्या आसपास संपते.

जास्वंदीचे भागले. पण चार सेंटिमीटरांच्या सदाफुलीचे काय? तिची प्रतिमा आठ मिलिमीटरही भरत नाही. इथे आजोबांचा चाळिशीचा चष्मा मदतीला येतो.

ज्या चष्म्याचा नंबर +२ आहे, त्याच्या भिंगाचे नाभीय अंतर अर्धा मीटर असते. (पडताळून पाहा : खिडकीबाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा समोरच्या भिंतीवर पाडा आणि अंतर मोजा. सूर्याची मात्र पाडू नका.) जुन्या चष्म्याचे असे एक भिंग पुठ्ठ्याच्या कड्यात बसवून झूमच्या तोंडाशी लावा, आणि झूम ‘अनंत’ अंतरावर ठेवा. फूल चष्म्याच्या भिंगापासून बरोबर अर्ध्या मीटरवर, म्हणजे त्याच्या नाभीवर असेल, तर फुलाच्या प्रत्येक बिंदूतून निघालेले किरण भिंगातून समांतर होऊन बाहेर पडतात. समांतर किरण येतात ते फार दूरच्या वस्तूंकडून. तेव्हा आपल्या झूमला वाटते, की फूल क्षितिजावर आहे! असे असताना विशालन म्हणजे दोन नाभीय अंतरांचा भागाकार, २०० भागिले ५००, म्हणजे ०.४. सदाफुली एकदम १६ मिलिमीटर झाली.

हेच चष्म्याचे भिंग ५० मिलिमीटरच्या साध्या भिंगापुढे लावले, तर भागाकार येतो फक्त ०.१. भिंग जितके लांबचे, तितका चष्म्याचा उपयोग अधिक. भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायच्या पोकळ नळ्यांचे मात्र उलटे आहे. ५० मिलिमीटरची नळी ५० मिलिमीटरच्या भिंगाला वस्तूएवढी प्रतिमा देते. २०० मिलिमीटरच्या भिंगाला ती पाव पटच देते. चष्म्याच्या एकेरी काचेमुळे चित्राच्या कडांना जांभळट-हिरवट झालर येते, हा तिचा दोष. दोन प्रकारच्या काचा जोडून केलेले क्लोज-अप भिंग विकत मिळते, त्यात ही झालर बरीच कमी होते. आणि शिंजिरासाठी चष्मा काढूनच ठेवावा, कारण अर्ध्या मीटरवर तो तुम्हांला येऊ देणार नाही.

लांबच्या भिंगाचा आणखी एक फायदा चित्र पाहिल्यावरच कळतो. ५० मिलिमीटरचे भिंग आडवे सुमारे ४० अंशांचे दृश्य घेते, २०० मिलिमीटरचे फक्त १० अंशांचे. फूल दोन्हींत सारख्याच आकाराचे टिपले, तरी पहिल्यात मागचे कुंपण, हातपंप आणि वाळत घातलेली धोतरे सगळी हजेरी लावतात. दुसऱ्यात मागे एखाद्याच झुडपाचा हिरवा धूसर पट्टा राहतो.

फायद्यांबरोबर अडचणीही आल्याच. एफ-८ छिद्राला, एक पंचमांश विशालनावर, पुढेमागे जेमतेम दीड सेंटिमीटर भाग स्पष्ट राहतो, ०.४ ला तो चार मिलिमीटरच उरतो. जास्वंदीतून बाहेर आलेला दांडा सहा-सात सेंटिमीटर लांब असतो. समोरून चित्र घेतले तर टोकावरच्या पाच कुक्षी स्पष्ट येतील, नाहीतर पाकळ्यांचे बूड. बाजूने घ्या, म्हणजे दांडा फिल्मला समांतर राहील. वाऱ्याचेही गणित करा. सदाफुली सेकंदाला फक्त एक सेंटिमीटर हलली, तर ०.४ विशालनाला प्रतिमा चार मिलिमीटर सरकते. झडप १/३० सेकंद उघडी असेल, तर चित्रात ०.१३ मिलिमीटरचा फराटा उमटतो, आणि फूल पुसट झाले असे दिसते. १/२५० सेकंदात तो ०.०२ मिलिमीटरपेक्षाही कमी होतो. भर उन्हात एफ-८ ठेवूनही एवढा वेग सहज मिळतो. तिकाटण्याने हाताची थरथर थांबते, वारा थांबत नाही. म्हणून वारा सुटायच्या आधी, सकाळी लवकर काम उरकावे.

दीड मीटर लांब राहण्याचे खरे फळ वेगळेच आहे. फूल खुडून घरात आणले तर चित्र कदाचित अधिक रेखीव येईल, पण त्याच्याकडे कोण आले आणि काय करून गेले ते कधीच कळणार नाही. शिंजीर पुष्कळदा फुलाच्या तोंडातून आत न जाता बाजूने, पाकळ्यांच्या बुडाशी चोच खुपसून मकरंद पितो. अशा वेळी परागकोष आणि कुक्षी यांना तो शिवतसुद्धा नाही. तो परागकण वाहून नेतो, की फुकटचा फराळ करून जातो? ओळीने आठ-दहा चित्रे घ्या आणि त्याच्या डोक्याला पिवळी भुकटी लागली आहे का ते शोधा.

तरवडाचे कोडे तर आणखी गमतीचे आहे. या फुलात मकरंद नसतो, आणि परागकोष उभे चिरत नाहीत, त्यांच्या टोकांना बारीक छिद्रे असतात. काळा, मोठा भुंगा येतो, पुंकेसरांना घट्ट मिठी मारतो आणि पंख न फडफडवता उडण्याचे स्नायू थरथरवतो. तुम्हांला एकदम वरच्या पट्टीतली गुणगुण ऐकू येते, आणि मिठाच्या बाटलीतून मीठ पडावे तसे परागकण छिद्रांतून बाहेर उडतात. ही गुणगुण हाच तुमचा इशारा. बटण तेव्हाच दाबा.

ज्या फुलावर भुंगा आलेला टिपला, त्याच्या देठाला अलगद रंगीत दोरा बांधून ठेवा. भुंगा न आलेल्या काही फुलांना दुसऱ्या रंगाचा. मग अधूनमधून जाऊन पाहा, कोणत्या दोऱ्याशी चपट्या शेंगा धरल्या आहेत, आणि त्यांचीही चित्रे घेऊन पहिल्या चित्रांशेजारी वहीत चिकटवा.