गवारेडा हा रेडा नव्हे!

राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला रात्री उसात काळे धूड शिरले की "गवारेडा आला!" अशी हाक उठते. रंग काळा, अंग अवाढव्य, म्हणून लोकांनी त्याला रेडा ठरवला. खरे तर तो गाईच्या भावकीतला. अरुणाचल-नागालँडकडे मिथुन पाळतात, तो याच गव्याचा माणसाळलेला वंश. मिथुन आणि गाय यांना वासरू होते. गाईला रेडा दाखवा, काही होणार नाही. गाईच्या अंगात गुणसूत्रांची संख्या 60, आपल्या म्हशीच्या अंगात 50. गोठा एक, दावण एक, पण म्हैस चुलत घरची.

जर्सी आणि खिल्लार मात्र एकाच घरची. दोघींची गुणसूत्रे 60, म्हणून संकर जमतो. दोघींचा मूळ पूर्वज रानबैल. त्याचा शेवटचा जीव 1627 साली पोलंडच्या जंगलात मेला. वशिंडाची आपली गाय बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या बाजूला, सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी माणसाळली.

ही भावकी लावली कोणी? स्वीडनच्या लिनियसने 1758 साली प्राण्यांची खातेवही मांडली. जाती, प्रजाती, गण अशी. पुढे 1859 साली डार्विनने दाखवले, की ही नुसती मांडणी नाही, खरीच वंशावळ आहे.

तुम्हालाही ती थोडी वाचता येते. गाईचे तोंड उघडून बघा, वरच्या जबड्यात पुढचे दातच नाहीत. म्हशीला, शेळीला, मेंढीलाही नाहीत. चौघी रवंथ करतात, खूर दुभंगलेले. घोड्या-गाढवाला वर-खाली दोन्हीकडे दात, खूर अखंड. ते घराणेच निराळे. विदर्भ-मराठवाड्यात तुरीचा सत्यानाश करणारा रोही, म्हणजे नीलगाय, लांबून घोड्यासारखा दिसतो. पण खूर दुभंगलेला आहे आणि रवंथही करतो. नावात गाय असली तरी ती गाय नव्हे. तिचा जवळचा नातलग चौशिंगा. शेतकऱ्याच्या डोळ्यात पाणी आणणारा हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहे, परवानगीवाचून त्याला मारता येत नाही.

सर्वांत नवल देवमाशाचे. कोकण किनाऱ्याला कधी मेलेला देवमासा लागतो, तेव्हा तो मासा नव्हे, हे बऱ्याच जणांना ठाऊक असते; तो पिलाला दूध पाजतो. पण त्याचे पूर्वज चार पायांचे, खुराचे प्राणी होते, हे सांगितले तर हसाल. जम्मू-काश्मीरच्या कालाकोट भागात सापडलेल्या खडकांतून इंडोहायस नावाच्या छोट्या खुरवाल्या प्राण्याचे अवशेष निघाले. तो साधारण पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीचा, मांजरापेक्षा थोडा मोठा. त्याच्या कानाचे हाड थेट देवमाशाच्या वळणाचे! 2007 साली हे जाहीर झाले. आज जिवंत असलेल्यांत देवमाशाचा सर्वांत जवळचा नातलग आफ्रिकेतला पाणघोडा. तो पुन्हा घोडा नव्हेच.

नात्याचा हा हिशेब गोठ्यातही लागू पडतो. लाळ्या-खुरकूत दुभंगलेल्या खुराच्या भावकीला होते. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, गवा, रोही, सगळ्यांना, घोड्या-गाढवाला नाही. याच भावकीतली गुरे मारणारी बुळकांडी 2011 साली जगातून गेली. लाळ्या-खुरकूत गेलेली नाही. रानालगत गुरे चारत असाल तर गाई-म्हशींबरोबर शेळ्या-मेंढ्यांच्या लसीचेही जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.